रोज एक ओळ मोडी : दहा महिन्यांची वही

मंडळी, ७ जूनला सुरू केलेली मोडी लिपीच्या सरावाची वही परवा ३१ मार्चला संपली. २९८ दिवसांत ४१ दिवस कोरे गेले. त्यातले अकरा गौरी-गणपतीतले आणि सहा तापाचे. बाकीच्यांत आळसाचाच वाटा मोठा. ज्यांनी नुकताच बोरू, म्हणजे शाईत बुडवायची तासलेली लेखणी, हातात घेतलाय, त्यांना माझ्या चुका तरी उपयोगी पडतील, म्हणून वहीच्या कडेला केलेल्या नोंदी इथे उतरवते आहे.

आधी थोडं मागचं. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते. गेल्या वर्षीच्या मार्च एंडनंतर डोकं जड राहायला लागलं, झोप पहाटे तीनला उडायची आणि डोळे उघडायच्या आत हात फोनकडे जायचा. डॉक्टरांनी बीपीची छोटी गोळी सुरू केली आणि वर म्हणाले, "कशाततरी जीव रमवा." मग जे सगळे करतात तेच मी केलं. सकाळी पाचला उठणं, पाऊण तास चालणं, ध्यान, दिवसभरातल्या चांगल्या गोष्टींची डायरी, साखर बंद, असं सगळं एका सोमवारी सुरू केलं आणि पुढच्या सोमवारपर्यंत गुंडाळलं. स्वतःला सुधारायची ती यादीच ऑफिसातल्या पेंडिंग कामासारखी मानेवर बसली होती.

मोडी आली ती सासूबाईंच्या ट्रंकेतून. वाईजवळच्या गावच्या घराची आवराआवर करताना एक चौघडी मोडी कागद निघाला. घड्यांवर विरलेला, पण शाई अजून काळीभोर. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आजेसासऱ्यांना वाचता यायचं गं. आता कोणाला येतंय?" मी तो प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून घरी आणला. मोडीच्या शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. शिकवणारे एक निवृत्त गुरुजी होते. पहिल्याच तासाला त्यांनी अट घातली, "पान नको. रोज एक ओळ. पण रोज."

जून : नुसत्या रेघा

पहिले नऊ दिवस अक्षर नाहीच. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला टांगायची, हे तुम्हाला माहीतच आहे. गुरुजींनी पट्टी वापरू दिली नाही. बारा रेघा, हातानं, एका दमात. माझ्या रेघा पहिल्या दिवशी कास पठाराच्या रस्त्यासारख्या होत्या. चौथ्या दिवशी लक्षात आलं की रेघ ओढताना मी श्वास रोखून धरते आणि शेवटच्या दोन इंचांत हात थरथरतो. मग श्वास सोडत सोडत रेघ ओढायला लागले. ध्यानाच्या ॲपमध्ये जी बाई मला "श्वासाकडे लक्ष द्या" म्हणायची, तिचं मी कधी ऐकलं नव्हतं. रेघेनं ऐकायला लावलं.

याच महिन्यात एक उपद्व्याप केला. काजळ आणि डिंक घोटून शाई बनवली. तीन दिवस छान चालली, चौथ्या दिवशी बाटलीतून असा वास आला की मुलीनं ती गॅलरीत नेऊन ठेवली. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका. त्यानंतर दुकानातली साधी काळी शाई आणली. बोरूचंही तसंच. पहिले दोन मी तासता तासता पेन्सिलीएवढे करून टाकले. तिसरा जमला. टोक फार रुंद ठेवलं तर अक्षरांच्या आतल्या गाठी शाईनं भरून जातात. माझ्या हाताला बारीक टोकच सोसतं.

जुलै-ऑगस्ट : बाराखडी

मोडीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, आणि ही मी कोणालाही सांगत सुटते. इथे ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. वेलांटी बहुधा दुसरी, उकार बहुधा पहिला, विषय संपला. "दिन" आणि "दीन" दिसायला सारखेच. शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला मी बाकाखाली लपायची. लाल शाईच्या गोलांनी माझ्या वह्या भरलेल्या असायच्या. चाळिशीनंतर अशी लिपी भेटली की जिच्यात मला ती चूक करताच येत नाही! पहिल्यांदा "पीक" हा शब्द लिहिला आणि कोणती वेलांटी याचा विचार न करता पुढे गेले, तेव्हा खरंच हसू आलं.

त्याचा सूड "र" घेतो. जोडाक्षरात आणि शेजारच्या अक्षरांना चिकटताना तो इतकी रूपं बदलतो की मी वहीच्या मागच्या पानावर त्याच्यासाठी वेगळं खातंच उघडलं. "का" आणि "की" सुद्धा बाराखडीतल्या शिस्तीनं वागत नाहीत. नव्या मंडळींना सांगणं एवढंच : सुटं अक्षर गिरवण्यात महिना घालवू नका. जोड्या लिहा. कर, सर, मार, वार. मोडी अक्षरांत नाही, अक्षरांच्या मधल्या वळणात आहे.

सवय टिकण्याचं खरं कारण मात्र कुकर. सुरुवातीला मी "रात्री निवांत बसून" लिहायचं ठरवलं होतं. निवांत रात्र आमच्या घरात कुणाला मिळाली आहे? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सलग पाच दिवस कोरे गेले. मग वही, दौत आणि बोरू स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या टोकाला, पोळपाटाशेजारी आणून ठेवलं. सकाळी कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत एक ओळ. फोन तोवर आतल्या खोलीत चार्जिंगला. वहीच्या दोन-तीन पानांवर हळदीचे डाग आहेत, त्याचं काही वाटत नाही. त्यानंतर चुकलेले दिवस एकदम कमी झाले, कारण कुकर काही चुकत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर : वाचन

लिहिणं जमतंय असं वाटायला लागलं आणि गुरुजींनी जुन्या पत्रांच्या झेरॉक्स दिल्या. सगळा गर्व उतरला. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, पूर्णविराम नाही, ओळ कागदाच्या कडेला आपटून खाली वळते. पहिल्या पत्राच्या दोन ओळींना मला अकरा दिवस लागले. डोळ्यांनी शब्द तुटत नाहीत, जिभेनं तुटतात. मोठ्यानं वाचत गेलं की कुठेतरी "गोसावी यांसी" किंवा "बहुत काय लिहिणे" असा ओळखीचा तुकडा लागतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं गणित सुटायला लागतं. मायने, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचे ठरलेले शब्द, आणि शेवटच्या ओळी पाठ करून ठेवा. "मोर्तब सुद", "लेखनसीमा", "पैवस्ती" हे ठरावीक शब्द म्हणजे पाण्यातले पक्के दगड आहेत, त्यांच्यावर पाय ठेवून पलीकडे जाता येतं.

इथे मला एक गंमत वाटते. ही लिपी घाईची. कारकुनाला हात न उचलता झरझर लिहिता यावं म्हणून अक्षरं मोडली, वळवली, एकमेकांत अडकवली. यादवांचा मंत्री हेमाडपंत यानं ती आणली असं परंपरा सांगते. ते काही असो, दरबारात आणि कचेरीत ती शेकडो वर्षं टिकली ती वेगामुळेच. छापखान्यात बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी रोजच्या व्यवहारातून गेली. आणि मी, दिवसभर कीबोर्डवर घाई करून थकलेली बाई, त्याच घाईच्या लिपीत दिवसातली सगळ्यात सावकाश बारा मिनिटं घालवते. त्या कारकुनाला हे सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं.

नोव्हेंबर : आकडे

हिशेबनिसाला दिवाळी भेट मिळावी तसा हा महिना गेला. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, शिकले. सन अंकात नाही, अरबी शब्दांत, आणि तोही एकम् स्थानापासून उलटा : "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०, आणि जानेवारीपासून पुढची तारीख असेल तर ६०० मिळवायचे. हे पानिपतचं वर्ष. सुहूर वर्ष सुरू होतं सूर्य मृगात शिरतो तेव्हा. आता मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. म्हणजे मी वही नकळत सुहूर वर्षाच्या पाडव्याला उघडली होती! हे कळल्यावर उगाचच भारी वाटलं. घरात कोणालाही कौतुक नव्हतं.

पाव, अर्धा, पाऊण यांच्या उभ्या रेघा मला आधीपासून माहीत होत्या, कारण माझे आजोबा किराणा दुकानात तशाच मांडायचे. । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ३॥। म्हणजे पावणेचार. एका क्षणात वाचता आलेली मोडीतली माझी ती पहिली गोष्ट.

डिसेंबर : घसरगुंडी

एकोणीस दिवस कोरे. ऑडिट होतं, घरात आजारपण होतं, आणि मध्येच मी "आता रोज एक पान" असा नियम केला होता. तिथेच माती खाल्ली. पानाचा नियम मोडला की ओळही लिहावीशी वाटत नाही. गुरुजींना फोन केला तर म्हणाले, "ओळ ठरली होती ना? मग पान कोणी मागितलं?" तिसाव्या तारखेला परत एका ओळीवर आले. त्या दिवशीची ओळ वहीतली सगळ्यात वाईट आहे, रेघ सोडून अक्षरं दोन बोटं खाली गेली आहेत. ती फाडली नाही.

जानेवारी ते मार्च : ट्रंकेतला कागद

संक्रांतीनंतर फोल्डर उघडलं. कागदाला हळद, शाई, घाम काही लागू नये म्हणून आधी फोटो काढला, मोठा करून छापला आणि त्याच्यावरच पेन्सिलनं काम केलं. तुम्हीही मूळ कागदावर बोट फिरवू नका, सेलोटेप तर मुळीच लावू नका. घड्या विरल्या असतील तर सपाट ठेवून द्या, एवढं पुष्कळ.

मनात मी काय काय रचलं होतं! इनामपत्र असेल, एखादा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद असेल. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांग लागते, तशी आपल्याही कागदात काहीतरी मोठी गोष्ट निघेल असं वाटत होतं. निघाले जोंधळे.

सन "सलास सलासीन मयातैन व अलफ", म्हणजे १२३३, आपलं १८३२-३३. कोणीतरी कोणाला तरी धान्य दिलं आहे त्याची याद. जोंधळे ३॥।, गहू १॥, हरभरे २।, सगळं मणांत. तेव्हाचा मण किती पायल्यांचा हे गावागणिक बदलायचं, म्हणून किलोत करायच्या फंदात मी पडले नाही. खाली बेरीज : ८॥.

मी तीनदा बेरीज केली. ७॥ येते.

एक मण जुळत नाही. ऑफिसात पन्नास रुपयांचा फरक आला तरी माझ्या मानेची शीर उडायला लागते. इथे मी पेन्सिल खाली ठेवली आणि चहा टाकला. १९० वर्षांपूर्वीची बाकी. ब्रँच मॅनेजर फोन करणार नाही, ऑडिटर शेरा मारणार नाही, मार्च एंड कधीच होऊन गेला. तरीही शोधायचं आहेच, पण कसं, तर उद्या कुकर लागल्यावर. पूर्ण फेब्रुवारी मी तो एक मण शोधत होते आणि रोज सकाळी त्याची वाट बघत होते. हिशेब न जुळण्याचा मला आनंद होऊ शकतो हे नवऱ्याला अजून पटलेलं नाही.

तब्येतीचंही सांगते, कारण दोघी-तिघींनी विचारलं. बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी ती बंद केली नाही आणि मीही विचारलं नाही. मोडीनं बीपी उतरतं असं कोणी सांगायला लागलं तर त्यात माझं नाव घालू नका. झोप सुधारली, त्याचं निम्मं श्रेय फोन आतल्या खोलीत राहतो त्याला आहे. पहाटे अजूनही कधी कधी जाग येते. मग मी डोळे मिटून मनात रेघ ओढते, सहसा रेघ संपत नाही, मीच आधी झोपते.

आता तो मण. कागदाची आडवी घडी बरोबर गहू आणि हरभऱ्याच्या मधून गेली आहे. तिथे तंतू सुटलेत, पण भिंगातून बघितलं तर घडीच्या वरच्या काठावर शाईचे दोन ठिपके आणि एका अक्षराचा गळा दिसतो. म्हणजे तिथे एक अख्खी नोंद असणार, आणि तिच्यापुढे १. अक्षर "र" असावं असं मला वाटतं, माझ्या खात्यातल्या त्याच्या सहाव्या रूपाशी जुळतं, आणि तसं असेल तर राळे. पण गुरुजींचं म्हणणं आहे की तो "म" चा पाय आहे आणि धान्य मूग. आमचा वाद दोन आठवडे चालू आहे. वाईकडच्या धान्याच्या जुन्या याद्या कोणाकडे असतील आणि त्यात "राळे" कसं लिहिलंय हे दिसत असेल, तर तेवढा एक शब्द गिरवून पाठवा. नवी वही आणली आहे, पहिली ओळ त्याच शब्दाची ठेवली आहे.