पऱ्यावरची टाचणी

शिमगा आटोपला की आमच्या दापोलीकडच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पाणी कोंडीपुरतंच, खोलगट डबक्यापुरतंच उरतं. काल सकाळी कातळावर तासभर बसले, तेव्हा कुठे टाचणी दिसली, चतुराच्या नात्यातला बारीक कीटक. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुतेकदा पाठीवर मिटून. नवख्याला एवढी खूण पुरते. मिटलेली होती तोवर नुसती तपकिरी काडी. पंख उघडले नि मागचे दोन असे हिरवेगार झळकले की मी श्वासच रोखला!

पलीकडे एक मादी बुडालेल्या मुळात शेपटी खुपसून अंडी घालत होती. पिल्लं पाण्यातच वाढतात, शेपटाशी पानांसारखे तीन कल्ले घेऊन. म्हणून कोंडीत साबणाचा फेस दिसला की जीव खालीवर होतो. आईला सांगितलंय, यंदा गोधड्या घरीच धुवू, पाणी मी ओढीन.