बचत गटाची कुलूपबंद एक्सेल फाईल: माझा अनुभव

आमच्या गटाच्या सचिव ताई सुरतेला, उधन्याला राहायला गेल्या आणि हिशेबाचा लॅपटॉप माझ्याकडे आला. अमळनेर तालुक्यातलं आमचं छोटं गाव, चौदा बायकांचा गट. अंतर्गत कर्जाचं व्याज महिना दोन टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणायचं, असा ठराव बैठकीत झाला होता. मी व्याजाच्या रकान्यावर क्लिक केलं, तर शीट संरक्षित आहे, आधी पासवर्ड टाका. दुसरी फाईल सभासदांच्या खाते क्रमांकांची. ती तर पासवर्ड दिल्याशिवाय उघडायलाच तयार नाही.

ताईंना फोन लावला. "माय वं, तो पासवर्ड मन्हा भाचानी टाकेल व्हता," म्हणाल्या. भाचा कामावर, फोन बंद.

शेजारचा एक मुलगा म्हणाला, फाईल इंटरनेटवर चढवा, फुकट उघडून देतात. मी साफ नाही म्हटलं. चौदा जणींचे खाते क्रमांक आणि कर्जाचे आकडे अनोळखी माणसाच्या हाती द्यायचे? त्यापेक्षा हिशेब पुन्हा वहीत लिहीन. आधी अध्यक्षांना विचारलं. फाईल गटाची आहे, उघडायला हरकत नाही, असं त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. मग कामाला लागले.

दोन दिवस वाचून एक गोष्ट नीट समजली. ही दोन कुलपं दिसायला सारखी, पण जात वेगळी. पहिल्या फाईलमध्ये आकडे उघडेच असतात. 'इथे बदल करू देऊ नकोस' एवढी सूचना एक्सेलला दिलेली असते. म्हणजे दाराला नुसती कडी. दुसऱ्या फाईलमध्ये सगळा मजकूरच सांकेतिक करून टाकलेला असतो.

कडी काढायची तर पासवर्ड लागतच नाही. २००७ पासूनची एक्सएलएसएक्स फाईल म्हणजे आतून झिप केलेलं गाठोडं असतं. मी आधी फाईलची प्रत काढली (ही पायरी कधीच सोडू नका), नावाच्या शेवटचं एक्सएलएसएक्स खोडून झिप लिहिलं. आत 'एक्सएल' नावाचं फोल्डर, त्यात 'वर्कशीट्स', त्यात शीट१, शीट२ अशा बारा एक्सएमएल फाईली, महिन्याला एक. शीट१ डेस्कटॉपवर कॉपी करून नोटपॅडमध्ये उघडली तर सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत. शोधा मध्ये 'शीटप्रोटेक्शन' टाकलं. कोनाच्या कंसात तो शब्द, पुढे अक्षरांची लांब माळ आणि 'स्पिनकाउंट' एक लाख. म्हणजे पासवर्ड ओळखायला बसलं तर प्रत्येक अंदाजाला एक लाख फेऱ्यांचं गणित! पण ओळखायची गरजच नव्हती. सुरुवातीच्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत तेवढा तुकडा पुसला, फाईल जतन केली.

चुकले ते पुढे. बाराही फाईली दुरुस्त करण्यासाठी मी सगळं गाठोडं एका फोल्डरमध्ये सोडलं आणि शेवटी ते आख्खं फोल्डरच पुन्हा झिप केलं. एक्सेल म्हणे फाईल खराब आहे. संध्याकाळभर जीव खालीवर. चूक अशी की झिप उघडल्यावर थेट आतल्या वस्तू दिसायला हव्यात. माझ्या झिपमध्ये आधी एक फोल्डर आणि मग त्यात वस्तू. दुसऱ्या वेळी मी काहीच सोडलं नाही. दुरुस्त केलेल्या बारा फाईली मूळ झिपच्या वर्कशीट्स फोल्डरमध्ये ओढून टाकल्या, 'बदला' म्हटलं, नाव पुन्हा एक्सएलएसएक्स केलं. उघडली. मार्चच्या शीटमध्ये कर्सर लुकलुकताना पाहून डोळे भरून आले.

खात्यांच्या फाईलला हा उपाय लागू नाही. झिप नाव दिलं तरी विंडोज उघडेना, कारण ते गाठोडंच सांकेतिक. तिथे पासवर्ड हवाच. चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला: अमळनेर आणि गट सुरू झाल्याचं साल. टाकलं, चुकलं. पहिलं अक्षर कॅपिटल करून पाहिलं, चुकलं. एक्सेलच्या पासवर्डला लहान-मोठ्या अक्षराचा फरक चालत नाही. मग आठवलं, अमळनेरचं इंग्रजी स्पेलिंग काही जण 'एल'नंतर एक 'ए' घालून करतात. तो 'ए' घातला आणि फाईल उघडली.

पासवर्ड माहीत असला की काढणं सोपं: फाईल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. चौकटीतले ठिपके खोडायचे, ओके करून जतन करायचं. पण या फाईलचा मी काढला नाही, बदलला. खाते क्रमांक उघडे ठेवणं मला पटत नाही. नवा पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर दोघींच्या सह्या, पाकीट अध्यक्षांच्या कपाटात.

पुढच्या बैठकीत लॅपटॉप मधे ठेवला. ठरावाप्रमाणे दर बदलला, तशी एक मावशी पुढे सरकून स्वतःची ओळ बोटाने शोधू लागली. दहा हजारांच्या कर्जावर दोनशेच्या जागी दीडशे आले होते.