अठ्ठावीस अक्षरी शब्द

मंगळवार, रात्री

आज भाचीने वहीवर एक शब्द लिहून पुढे सरकवला. ‘मामा, एका दमात म्हण.’ अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. इंग्रजी स्पेलिंगमध्ये २८ अक्षरं. तिला स्पेलिंग पाठ होतं, पण म्हणताना ती मधेच अडखळत होती.

ती गेल्यावर मी देवनागरीतली अक्षरं मोजली. भरली १५. त्यातली ‘डिस’मधला स, ‘ब्लिश’मधला श आणि शेवटचा म आपण पाय मोडूनच म्हणतो. ते वगळले की उरतात बरोबर १२, आणि इंग्रजी कोशही उच्चाराचे १२च तुकडे देतात! गंमत शेवटाला आहे. ‘झ’ आणि ‘म’ यांच्यामधला अ इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठेच नाही, तो नुसता ऐकू येतो. आपण मात्र तो सरळ लिहून मोकळे.

तरी उच्चार जमतो असं नाही, कारण आपण बाराही तुकडे सारख्याच वजनाने ठोकतो. इंग्रज सगळा जोर ‘टे’वर टाकतो, त्याआधी ‘अँ’ आणि ‘स्टॅ’वर जरासा टेकतो आणि बाकीचं गिळतो. ‘मेंट’चा तर ‘मन्’ होतो, त्याचा ट पुढच्या ‘टे’ला जाऊन चिकटतो. म्हणजे अर्थाने फोड केली तर शब्द एकीकडे तुटतो, जिभेने केली तर दुसरीकडे. शिकवताना ही दोन्ही कामं एकत्र करू नयेत, असं माझं मत.

अर्थाची फोड आतून बाहेर करावी. एस्टॅब्लिश म्हणजे चर्चला राज्याचं अधिकृत चर्च करणं. ‘डिस’ लागलं की तो दर्जा काढून घेणं, आणि ‘अँटि’ म्हणजे त्या काढून घेण्याला विरोध. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये हे भांडण चांगलंच पेटलं होतं. आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक, पण राजमान्य चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचं. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने १८६९ साली कायदा केला आणि १ जानेवारी १८७१ पासून तो दर्जा गेला. वेल्समध्ये हेच १९२० साली झालं.

इंग्लंडमध्ये मात्र दर्जा काढायला विरोध करणारेच जिंकले म्हणायचे. राजा अजूनही चर्चचा प्रमुख आणि २६ बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. एवढं असून हा शब्द आज कोणी वादात वापरत नाही. लांबी दाखवण्यापुरताच तो बाहेर निघतो.