पैठणचा गाळ आणि उपसागराचा खारटपणा

मे महिन्यात पैठणला जाऊ नका, असं संभाजीनगरात ज्याने त्याने बजावलं. पण मला नाथसागर, म्हणजे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, ओसरलेलाच पाहायचा होता. पाणी आत सरकलं की काठाला गाळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, बोटभर खाली मात्र अजून ओला. चिमूटभर घेऊन बोटांत चोळला, तर कच म्हणून लागत नाही. दख्खनचा काळा पाषाण झिजून झालेली ही माती.

हीच माती गोदावरी हजारो वर्षं बंगालच्या उपसागरात नेऊन टाकत आली. २००६ साली ‘जॉयडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने गॅस हायड्रेटच्या (तळाखाली बर्फासारख्या गोठलेल्या इंधनवायूच्या) शोधात गोदावरी-कृष्णेच्या मुखांसमोर समुद्रतळ खोदला. तिथल्या गाळाच्या एका लांब नळकांड्यात आपल्याकडच्या पावसाची हजारो वर्षांची वही सापडली.

ती वाचायची रीत मला फार आवडते. फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव समुद्रात तरंगतात, चुन्याचं कवच बांधतात आणि मेल्यावर तळाशी जातात. बाष्पीभवनात ऑक्सिजनचा हलका प्रकार, ऑक्सिजन-१६, जास्त उडतो आणि पावसातून नदीत येतो. पूर मोठे आले की उपसागराचं वरचं पाणी कमी खारट होतं, त्यात हलका ऑक्सिजन वाढतो. पावसाने ओढ दिली की उलट. कवचात तेच उतरतं. तापमानाचा परिणामही त्यात मिसळलेला असतो. तो कवचातल्या मॅग्नेशियमवरून वेगळा काढता येतो.

या गाळातल्या पानांच्या मेणावरून दिसतं, की सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरड्या हवेत तगणारी झाडं-गवतं वाढत गेली. गेल्या ३००० वर्षांत, त्यातही १७०० वर्षांपूर्वीनंतर, उपसागर अधूनमधून या नोंदीत आधी कधी नव्हता इतका खारट झाला. १७०० वर्षं म्हटलं की पैठणात उभ्या माणसाला सातवाहन आठवणारच, ही त्यांची राजधानी. दुष्काळाने राज्य बुडालं, असं ठोकून द्यायचा मोह होतो. पण त्यांची सत्ता त्याआधीच संपली होती, तेव्हा राहू दे.

या खारटपणाचं एवढं काय? खारं पाणी जड. उत्तर अटलांटिकात ते गार होऊन बुडतं आणि सागरी प्रवाहांचं रहाटगाडगं फिरत राहतं. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी ते मंदावलं, तेव्हा इकडे मान्सूनही अशक्त झाला. आता ग्रीनलंडचं बर्फ वितळून तिथे गोडं पाणी मिसळतंय, म्हणून ही जुनी दप्तरं उघडायची एवढी निकड.

गंमत म्हणजे आपल्या काळाचा बराच गाळ समुद्रापर्यंत पोचतच नाही, धरणांत अडकतो. काठावर जेसीबी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरत होता. मी खाली वाकून गाळ चिवडतोय हे पाहून ट्रॅक्टरवाल्याला मी गिऱ्हाईकच वाटलो.

“किती ट्रॉल्या पाह्यजे, साहेब?”

मी त्याला समुद्राची कथा सांगितली. त्याने निम्मी ऐकली.

“समुद्रात जाऊन काय कामाचा? मोसंबीला टाकला तर झाड तरी धरतंय,” म्हणाला आणि बिडकीनच्या वाटेला लागला.