बेसमेंटमधलं पाळणाघर: सगळा खेळ एका खिडकीचा

बेसमेंट झालं एकदाचं! तिथे लायसन्स घेऊन पाळणाघर कसं सुरू केलं हे इतक्या जणींनी फोन करून विचारलंय की प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा इथे लिहून टाकते. आम्ही मेपल ग्रोव्हला राहतो, मिनियापोलिसच्या जवळ, त्यामुळे खालचं सगळं मिनेसोटाचं आहे. न्यू जर्सी, टेक्सासवाल्यांनी आपापल्या राज्याचे नियम बघा, दर राज्यात वेगळी तऱ्हा आहे.

इथे थंडीत जमीन इतकी खोल गोठते की घराचा पाया आमच्या भागात किमान ४२ इंच खाली न्यावाच लागतो, मग एवढं खणलंच आहे तर बेसमेंट करून टाकतात. आणि निम्म्या देशी घरांमध्ये त्या बेसमेंटमध्ये काय असतं? कॉस्कोचे खोके, गणपतीचं मखर आणि कपडे वाळत घालायला एक ट्रेडमिल. आमच्याकडेही तेच होतं. माझं एच-फोर ईएडी (एच-वन व्हिसावाल्याच्या बायकोला मिळणारं वर्क परमिट) आल्यावर नोकरी शोधण्यापेक्षा पाळणाघरच काढावं असं वाटलं, कारण त्या ईएडीवर स्वतःचा धंदा करता येतो. घरात पाळणाघर म्हटलं की सिटी (म्हणजे इथली नगरपालिका) आडवी येईल अशी बऱ्याच जणींना भीती असते पण इथला कायदा १४ मुलांपर्यंतचं लायसन्सवालं घरगुती डे केअर हा राहत्या घराचाच वापर धरतो, त्यामुळे झोनिंगची, म्हणजे कुठल्या जागेत काय चालतं या नियमांची, कटकट नाही. एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर मात्र त्यांचे कागद आधी वाचा, ते प्रकरण वेगळं.

आता मुद्द्याचं. मला वाटलेलं पैसे रंग, फ्लोअरिंग, छोटी टेबलं असल्या गोष्टींवर जातील. कसलं काय. पहिला प्रश्न हाच की जिन्यात आग लागली तर मुलं बाहेर कशी पडणार, आणि त्याचं उत्तर म्हणजे इग्रेस विंडो, आणीबाणीत बाहेर पडता येईल एवढी मोठी खिडकी. आमच्या बेसमेंटला वरती छताला चिकटलेल्या दोन चिंचोळ्या खिडक्या होत्या, मांजर गेली असती फार तर. बिल्डिंग कोडप्रमाणे (बांधकामाचे नियम) खिडकी उघडल्यावर मोकळी जागा ५.७ स्क्वेअर फूट पाहिजे, रुंदी कमीत कमी २० इंच, उंची २४ इंच, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या वर नको. इथे एक गंमत आहे बघा, २० गुणिले २४ केलं तर जेमतेम सव्वातीन स्क्वेअर फुटाच्या आसपास येतं, म्हणजे दोन्ही माप कमीत कमी ठेवलंत तर खिडकी नापास! आणि सरकती खिडकी असेल तर ती अर्धीच उघडते, मोजतात ती तेवढीच अर्धी. एक कॉन्ट्रॅक्टर आम्हाला सरकती, दिसायला मोठी पण उघडल्यावर अपुरी अशी खिडकी गळ्यात मारत होता, "सगळे हीच लावतात" म्हणे. नवऱ्याने टेप घेऊन त्याच्यासमोर माप काढलं तेव्हा गप्प बसला. आम्ही दुसऱ्याकडून दारासारखी उघडणारी, केसमेंट खिडकी बसवली.

काम करायच्या आधी सिटीचं परमिट, मग ८११ ला फोन, ते येऊन लॉनवर रंगीत खुणा करून जातात की गॅसची लाइन इथे, वायर तिथे, आणि मग खिडकीच्या जागी बाहेरून खड्डा खणणं. भिंत कापली तो दिवस काय सांगू तुम्हाला. पाणी मारत मारत काँक्रीट कापतात त्यामुळे धूळ कमी उडते हे खरं, पण राखाडी चिखलाचे ओघळ सगळ्या भिंतीवरून खाली, प्लास्टिक लावलेलं असूनही सॉकेटच्या खाचांमध्ये, जिन्याच्या कठड्याला, कुठे कुठे म्हणून तो लेप सापडत होता नंतर. तो चौकोनी तुकडा निघाला आणि आत एकदम ऊन आलं तेव्हा मात्र मी मनात म्हटलं, ठीक आहे, वसूल. बाहेरच्या खड्ड्यात खडी, तळाशी पाणी जायला ड्रेन, खोल आहे म्हणून शिडी, आणि झाकण आतून ढकलून उघडेल असंच. हिवाळ्यात त्या खड्ड्यातला बर्फ दर वेळी काढायचा, ते काम मी नवऱ्याच्या नावावर लिहून टाकलंय.

बाकीचं पटपट सांगते. दर मुलामागे ३५ स्क्वेअर फूट वापरायची जागा लागते, बाथरूम, कपाटं, फर्नेसची खोली त्यात धरत नाहीत. गॅसच्या फर्नेसभोवती (घर गरम करायची भट्टी) १८ इंचांत जळण्यासारखं काही ठेवायचं नाही (मखर गेलं गराजमध्ये). कार्पेट टाकू नका, काँक्रीटमधून ओल येते, विनायल प्लँक बरं. आणि रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) टेस्ट कराच, कुणी मागो न मागो, मिनेसोटात पाचातल्या दोन घरांत तो जास्त निघतो. लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या (हे रेडॉन मोजायचं माप) वर आकडा आला तर पाइप आणि पंखा बसवून घ्यायचा, आम्ही बसवला.

खिडकीनंतर मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते आपल्याच लोकांशी. एक वर्षाखालच्या बाळाला झोपवायचं ते क्रिबमध्ये (कठड्याच्या छोट्या पलंगात), पाठीवर, कडक गादी, घट्ट बसणारी चादर, बस्स. उशी नाही, पांघरूण नाही, झोळी तर नाहीच. एक आजी भेटायला आल्या त्या राईची उशी घेऊनच, डोकं गोल राहतं म्हणून. मी त्यांना म्हटलं, काकू, मला पटतंय पण ही उशी क्रिबमध्ये दिसली तर माझं लायसन्स जाईल. त्यांना काही पटलं नाही. दुपट्यात गुंडाळायचं नाही म्हटल्यावर तर त्यांनी मला अगदी कीव केल्यासारखं बघितलं.

आणि हो, घरात राहणाऱ्या १३ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाचा बॅकग्राउंड स्टडी होतो, म्हणजे आधी काही गुन्हा वगैरे आहे का याची तपासणी. सासूबाई सहा महिने इथे असणार, लायसन्सरला (लायसन्सचं काम बघणारी सरकारी बाई) विचारलं तर म्हणाली, राहणार असतील तर त्यांचाही करा. "मी काय चोर आहे का?" पासून सुरुवात झाली. बोटांचे ठसे काही केल्या मशीनवर उमटेनात, आयुष्यभर भांडी घासून रेषाच पुसट झाल्यात, तिथली मुलगी बिचारी परत परत बोट पुसून दाबत होती. शेवटी उमटले. त्या रात्री नणंदेला व्हिडिओ कॉलवर "अमेरिकन सरकारने माझी चौकशी केली, काही सापडलं नाही" असं एकदम रुबाबात सांगून झालं!

सध्या जागांचं असं आहे, माझ्या लायसन्सवर एकूण १० मुलं चालतात, त्यात शाळेच्या वयाखालची जास्तीत जास्त ६, त्यातली दोन वर्षांखालची ३, आणि त्यातही वर्षाखालची फक्त २. यात माझी धाकटीसुद्धा धरली जाते. फोन मात्र सगळे तान्ह्या बाळांसाठीच येतात, आणि त्या दोन्ही जागा भरल्यात. तीन-चार वर्षांचं कुणी असेल तर कळवा, सप्टेंबरपासून घेऊ शकते.