परसातलं कोर्ट: पहिल्या हिवाळ्याची नोंद

परसातल्या खेळाच्या कोर्टावर एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल अंथरून झाल्या, रेषा आखल्या, आणि लगेच थंडीने ठाण मांडलं. टाइलचा रंग, लॉकचा प्रकार यावर आपण सगळेच भरपूर डोकं खपवतो. थंडीत मात्र कोर्ट टिकणार की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं: खाली गेलेलं पाणी निघून जातंय का, आणि टाइलना सरकायला मोकळीक आहे का.

कोबा १५ मीटर बाय ८ मीटर, म्हणजे बॅडमिंटनचं १३.४० बाय ६.१० चं कोर्ट मावून भोवती पाय टाकायला जागा उरते. पिकलबॉलचं (नेटवरून प्लास्टिकचा चेंडू छोट्या बॅटने मारायचा खेळ) मापही जवळपास तेवढंच, त्यामुळे दोन रंगांच्या रेषांत दोन्ही खेळ बसले. खाली खडी घालून नीट धुम्मस केलं, वर १०० मिलिमीटर काँक्रीट, आणि लांबीला नाही तर रुंदीला १ टक्का उतार. ८ मीटरला ८ सेंटिमीटर. खेळताना तो जाणवत नाही, पण पाण्याला तेवढा पुरतो आणि वाटही आखूड पडते. जिथे बर्फ पडतो तिथे काँक्रीट हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरणारं मिश्रण घालूनच मागवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. त्या फुगण्याला आत जागा नसेल, तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. सांध्यांच्या खाचा दर अडीच-तीन मीटरवर, जाडीच्या पाव खोलीच्या. भेगा पडायच्या त्या तिथेच पडू देत.

टाइल लावण्याआधी कोब्यावर नळीने भरपूर पाणी सोडलं आणि तासाभराने बघितलं. डबकं नाण्याच्या जाडीपेक्षा खोल असेल, तर तो खळगा आत्ताच भरायचा, हा माझा नियम. टाइल खालून पोकळ असतात, त्यामुळे पाणी दिसत नाही, पण असतं. मग रात्री ते गोठतं, टाइलचे पाय कोब्याला घट्ट धरून ठेवतं आणि अख्खा पट्टा जखडतो. अशा वेळी पाना घालून टाइल उचलू नका, लॉकची जिभळी मोडते. ऊन येईपर्यंत थांबा.

आता सरकण्याचं. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे टाइलचं प्लास्टिक, तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे ढोबळमानाने ०.१ मिलिमीटर लांबी बदलतं. काँक्रीट याच्या साधारण दहाव्या हिश्शाने. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत ४० अंशांचा फरक धरा. १५ मीटरच्या टाइलपट्ट्याचा हिशोब जातो ६० मिलिमीटरवर, खालचा कोबा मात्र जेमतेम ६. काही भाग लॉकमधली ढील खाऊन टाकते, उरलेला कडेला निघतो. म्हणून टाइल कुठेही चिकटवायच्या नाहीत, स्क्रूने आवळायच्या नाहीत, भिंतीला टेकवायच्या नाहीत. थंडीत लावत असाल तर कडेची फट मोठी ठेवा, कारण तेव्हा टाइल आधीच आक्रसलेल्या असतात.

सगळ्यात जास्त वेळ बास्केटबॉलच्या खांबाने खाल्ला. खांब टाइलच्या मधून वर येतो. तिथे टाइल खांबाला घासून कापली, तर अख्खं कोर्ट त्या एका खिळ्यावर अडकतं. मी चारही बाजूंनी बोटभर मोकळं ठेवून करवतीने गोल कापला, कडा कानशीने घासल्या आणि वर रबराची सैल कॉलर बसवली. परवा कडाक्याच्या सकाळी बघितलं, तर कॉलरखालची फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसत होती. म्हणजे पट्टा सरकतोय. असंच हवं.

पोकळ खांब आणि नेटच्या खांबांसाठी जमिनीत पुरलेल्या नळ्या यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. नळीत पाणी साचून गोठलं तर नळी फाटते, पाठोपाठ भोवतीचं काँक्रीटही. नेट उतरवलं की नळ्या कोरड्या करून झाकणं लावा. खांबाच्या बुडाशी पाणी निघायला भोक आहे ना, तेही तपासा. आणि पाया गोठणरेषेच्या (जमीन जितकी खोल गोठते त्या पातळीच्या) खाली गेलेला हवा, नाहीतर माती फुगून खांबच वर उचलते.

बर्फ पडला तर प्लास्टिकच्या धारेचं फावडं, तेही सांध्यांना तिरकं धरून. सरळ रेटलं की धार प्रत्येक सांध्यात अडकते. तळाचा पातळ थर तसाच राहू द्यावा, खरवडायच्या भानगडीत पडू नये. भुसभुशीत असेल तर पाला उडवायचा ब्लोअर उत्तम. गरम पाणी ओतू नका, ते खाली जाऊन पुन्हा गोठतं. मिठाचा तर विचारच सोडा. टाइलला ते काही करत नाही, पण खालच्या नव्या कोब्याची पहिल्या हिवाळ्यात वाट लावतं आणि खांबांना गंज चढवतं. कॅल्शियम क्लोराइडने वर ओलसर, तेलकट थर राहतो, त्यावर पाय घसरणारच. जड काही आदळू नका, कारण साधं पॉलिप्रॉपिलीन शून्याच्या आसपास ठिसूळ होतं.

बर्फ नसलेल्या ठिकाणीही सुटका नाही. सकाळचं दव आणि सावलीतल्या कडेचं शेवाळ, दोन्ही निसरडी. पाला सांध्यांत कुजला की पाण्याची वाट बुजते, म्हणून आठवड्याला खराटा मारतोच.

खेळ चालू आहे, पण जरा वेगळा. घरात २५ अंशांना ८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला बास्केटबॉल ० अंशाला ६ च्या आसपास उतरतो आणि जमिनीला चिकटल्यासारखा उसळतो. बाहेर हवा भरली, तर घरात आणताना थोडी सोडावी लागते. पिकलबॉलचे प्लास्टिकचे चेंडू थंडीत पटापट तडकतात, जुने आधी संपवतोय.

थंडी ओसरली की सावलीच्या कडेच्या दोन रांगा उचलून खालचा कोबा धुणार आहे. तिथे माती किती साचली ते बघून त्या बाजूला खडीचा चर खणायचा की नाही, ते ठरेल.