पडद्याच्या मागून

परवा दुपारी आई ‘अष्टविनायक’ बघत बसली होती. मी पेपर घेऊन शेजारी होतो. आमच्याकडे ते बघण्यात धरत नाहीत. मध्येच मान वर केली आणि काहीतरी खटकलं. सचिन चुकीच्या बाजूने आला. त्याने उजवीकडून यायला हवं होतं, हा डावीकडून आला. आता ‘हवं होतं’ असं म्हणण्याचा मला काय अधिकार? सिनेमा 1979 चा, दिग्दर्शक राजदत्त, त्यांना ज्याला जिथून आणायचं तिथून त्यांनी आणलंय. पण माझी खात्री होती. पुढच्या प्रसंगातही तेच. वंदना पंडित वळली ती भलतीकडेच. दार इकडे हवं तर तिकडे. आपल्याच घरात रात्री उठून पाणी प्यायला जावं आणि माठ दुसऱ्या कोपऱ्यात सापडावा, तसं काहीतरी.

गाणं सुरू झालं तेव्हा उलगडा झाला. मी हा सिनेमा पाहिला होता तो पडद्याच्या मागून.

ज्यांच्या गल्लीत गणपतीत पडदा लागायचा त्यांना फार सांगायला नको. दोन बांबू, मध्ये ताणलेलं पांढरं कापड आणि भाड्याने आणलेलं सोळा एमेमचं प्रोजेक्टर. पुढची बाजू आरतीच्या आधीच भरलेली असे. सतरंज्या, पोती, घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या आणि सगळ्या घराची जागा धरून आडव्या झालेल्या एखाद्या काकू. पोरांना सगळ्यात पुढे बसवत. पण तिथे बसलं की दर थोड्या वेळाने मागून कुणीतरी ‘ए, डोकं खाली’ म्हणून खेकसे. शिवाय मान मोडायची ती वेगळीच. पडद्यामागे असलं काही नव्हतं. तिथे ऐसपैस पाय पसरता यायचे. मंडळाचे कार्यकर्ते चोरून सिगरेट ओढायला तिथेच येत, आणि आम्ही घरी काही बोलणार नाही या अटीवर आम्हाला तिथे बसू देत.

मागून चित्र जरा मळकट दिसे. मधोमध प्रोजेक्टरच्या दिव्याचा पांढरा ठिपका, तो डोळ्यात घुसायचा. नायक, नायिका, खलनायक सगळे त्या ठिपक्यातून ये-जा करायचे. वारा आला की नायिकेचा गाल फुगे. रीळ संपलं की दिवे लागत, दुसरं रीळ चढवेपर्यंत पुढच्या बाजूला गप्पांचा गलका होई, आमच्या बाजूला मारामारी. पण भाद्रपदातली एखादी सर येऊन गेली की मजा व्हायची. कापड भिजलं की उजेड त्यातून जास्त आरपार येतो, त्यामुळे आमच्या बाजूचं चित्र एकदम लख्ख. पुढचे लोक डोक्यावर सतरंज्या घेऊन वळचणीला पळालेले, प्रोजेक्टरवर कुणीतरी छत्री धरून उभा, आणि आख्ख्या गल्लीत सगळ्यात चांगला सिनेमा आम्ही चिंब पोरं बघतोय.

नावं मात्र उलटी यायची. शिरोरेघ जागेवर, पण काने-वेलांट्या सगळ्या विरुद्ध अंगाला. काही दिवसांत ती वाचता यायला लागली. आजही आरशात दिसणारी दुकानाची पाटी मी न अडखळता वाचतो, या कौशल्याचा आयुष्यात दुसरा काहीही उपयोग झालेला नाही. सगळ्या वर्णमालेत ‘ठ’ तेवढा सज्जन. पुढून बघा, मागून बघा, ठच.

तर ते गाणं. जगदीश खेबुडकरांनी आठही गणपती एका गाण्यात बसवलेत आणि मराठी सिनेमातली ओळखीची तोंडं एकामागून एक येऊन जातात. ते पाहून घरी आलो आणि आजीला सांगितलं, की सगळे गणपती उजव्या सोंडेचे आहेत, एकच तेवढा डाव्या सोंडेचा. आजी स्वतः यात्रा करून आलेली. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकच, सिद्धटेकचा, हे तिला पाठ. आणि उजव्या सोंडेचा म्हणजे कडक. त्याच्या सोवळ्यात इकडचं तिकडे झालेलं चालत नाही. ती हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ‘सात कडक गणपती? आणि सिद्धटेकचा तेवढा डावा केला? मेल्यांना विचारायला कुणी म्हातारं माणूस मिळालं नाही?’ पुढे तो सिनेमा दूरदर्शनवर लागला तेव्हाही ती तेवढ्या गाण्यापुरती उठून आत वाती वळायला गेली. राजदत्तांना हे कधी कळायचं कारण नव्हतं.

पडद्यामागच्या जगात अशा बऱ्याच गोष्टी होत्या. सगळे डाव्या हाताने जेवत. बायकांचा पदर उजव्या खांद्यावर. लग्न लावायला आलेल्या एका भटजींचं जानवं अपसव्य होतं, म्हणजे श्राद्धाला बसावं तसं, आणि समोर वधूवर अक्षता झेलत उभे. हे मात्र मी आजीला सांगितलं नाही.

सिनेमा म्हणून ‘अष्टविनायक’ कसा आहे विचाराल, तर मधेमधे पेपर वाचता येईल असा आहे. पण वसंतराव देशपांडे ‘दाटून कंठ येतो’ म्हणायला लागले की पेपर खाली ठेवावा लागतो. मुलगी सासरी निघाली आहे, बाप गातो आहे, इतकंच. शब्द शांता शेळक्यांचे. आपल्या सिनेमात गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा, याची इतकी सवय झालेली असते की दोन्ही एकाच माणसाचं निघालं की दचकायला होतं. गळ्याची शीर खरोखर सुराबरोबर हलते. वसंतराव नट म्हणून फारसं काही करत नाहीत, आणि त्या जागी कुणी काही केलं असतं तर मला आवडलंही नसतं. मागच्या बाजूने हे दिसलं नव्हतं. किंवा दिसलं असेल, त्या वयात मुलगी सासरी जाण्यात रडण्यासारखं काय आहे हे कळत नव्हतं. सिनेमानंतर चारच वर्षांनी, 1983 मध्ये, ते गेले.

आमच्या नव्या टीव्हीला एक भिकार खोड आहे. तो सिनेमाला इस्त्री करतो. मोशन स्मूदिंग म्हणतात त्याला. सिनेमा सेकंदाला 24 चित्रं या वेगाने घेतलेला असतो. हा टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चित्रं घुसवतो. म्हणजे जी कुणी कधी काढली नाहीत अशी. मग 1979 चा सिनेमाही काल संध्याकाळच्या मालिकेसारखा गुळगुळीत सरकायला लागतो. मी लोकांच्या घरी गेलो आणि ते पाणी आणायला आत गेले, की त्यांच्या टीव्हीचं हे गुपचूप बंद करून ठेवतो. आजवर एकाच्याही लक्षात आलेलं नाही, यावरून लोक टीव्ही कसा बघतात ते कळतं. दुसरा राग जुना चौकोनी सिनेमा ताणून आख्खा पडदा भरणाऱ्यांचा. सुलोचनाबाईंचा चेहरा असा रुंद केलेला बघवत नाही. कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर कुणाचं काय बिघडतं? पैसे सगळ्या पडद्याचे दिलेत, असं आमचे मेहुणे म्हणतात. यावर काय बोलणार?

त्याच आठवड्यात ‘सिंहासन’ लावला. तोही 1979 चाच, हे पूर्वी कधी डोक्यात आलं नव्हतं. एकाच वर्षी एकीकडे आठ गणपती आणि दुसरीकडे मुख्यमंत्र्याची खुर्ची. भाचा सुट्टीला आला होता, त्याने सुरुवातीचं प्रमाणपत्र मोठ्याने वाचलं आणि रीळ म्हणजे काय विचारलं. मग हा रंगीत कधी होणार ते विचारलं. मग उठून गेला. मी एकटा बघत राहिलो.

‘सिंहासन’बद्दल लोक अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, राजकारण, असं सगळं बोलतात, आणि ते खरंच आहे. मला मात्र या खेपेला तो टेलिफोनचा सिनेमा वाटला. मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो, तुमच्याविरुद्ध कट शिजतोय, आणि इथून सगळं सुरू होतं. काळा, जड, तबकडीचा फोन. तो उचलायला वजन लागतं, ठेवायलाही लागतं. आणि ठेवल्यावर माणूस त्याच्याकडे बघत राहू शकतो. अरुण सरनाईक काय बघतात त्या फोनकडे! भुवईसुद्धा हलत नाही. मोबाइल आल्यापासून नटांचं मोठं नुकसान झालंय असं माझं मत आहे. मोबाइल खिशात टाकून चालायला लागणारा माणूस कटकारस्थानी वाटतच नाही, रिक्षा शोधतोय असं वाटतं.

निळू फुले यात पत्रकार आहेत, दिगू टिपणीस. इतर सिनेमांत ते नुसते दारात उभे राहिले की थिएटरातल्या बायका पदर सावरायच्या. इथे तो माणूस फक्त बघतो. ऐकतो, बघतो, पुन्हा बघतो, आणि शेवटी हसत सुटतो. ते हसणं मला लहानपणी विनोदी वाटलं होतं. या वेळी आवाज कमी केला. भाचा आत होता म्हणून. तसं स्वतःला सांगितलं.

बाकी घरी बसून पाहिलेल्या सिनेमांत आणखी काय काय होतं. एक नवा होता, सगळ्यांनी बघाच म्हणून सांगितलेला. त्यात इतका अंधार होता की कोण कुणाला मारतंय ते कळेना, मी पडदे ओढले, दिवे घालवले, तरी कळेना. आई म्हणाली, तुझा डोळ्यांचा नंबर वाढलाय. सोडून दिला.

‘अशी ही बनवाबनवी’ बघितला असं म्हणता येणार नाही. तो बघत नाहीत, तो चालू असतो. पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कुणाशी तरी फोनवर बोलताना. धनंजय माने तोंड उघडायच्या आत घरातलं कुणीतरी त्यांचं वाक्य म्हणून मोकळं झालेलं असतं. मी एकदा मुद्दाम मूळ हिंदी सिनेमा शोधून पाहिला, हृषिकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’, 1966 चा. बिस्वजीत आणि केश्टो मुखर्जी साड्या नेसून आहेत, गाणी गुलजारांची, सगळं नीटनेटकं. पण मी तो सबंध बसून, गप्प राहून पाहिला, म्हणजे तो आपला झाला नाही. वसंत सबनीसांनी ती माणसं पुण्यात आणून जी बोलायला लावली, त्यात नक्कल कुठे संपली हे आता हृषिदांनाही सांगता आलं नसतं. एकच तक्रार: सुधीर जोशींचे सरपोतदार फार लवकर निघून जातात. ते आणखी तासभर राहिले असते तरी चाललं असतं, घरभाडं माझ्याकडून घ्या.

जुना सिनेमा लागला की आईची एक सवय आहे, आणि ज्यांच्या घरी आई आहे त्यांना ती ठाऊक असेल. ती वर्गात हजेरी घ्यावी तशी गेलेल्यांची नोंद घेते. आवाज चढत नाही, उतरत नाही. ‘सिंहासन’ला येता-जाता डोकावून म्हणाली, अरुण सरनाईक, अपघातात गेला बिचारा, ’84 ला. निळूभाऊ गेले. डॉक्टर लागू आत्ता आत्ता गेले. (2019. आईचं ‘आत्ता’ बरंच लांब असतं.) माझ्या मावश्या जमल्या तर यावर वादही होतात; हा आधी की ती आधी, हार्ट की कॅन्सर. सिनेमा बाजूला राहतो.

‘बनवाबनवी’ चालू असताना ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘लक्ष्या गेला. तो सिद्धार्थ रे, तोही त्याच वर्षी गेला. 2004. केवढासा होता. सुधीर जोशी त्याच्या पुढच्या वर्षी. घरमालकीण नयनतारा, ती पण गेली.’

भाच्याने रिमोट उचलून सिनेमा थांबवला. साडी नेसून पार्वती झालेला लक्ष्मीकांत बेर्डे तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा राहिला.

‘आज्जी, मग आहे कोण?’

‘अशोक सराफ आहे की. सचिन आहे. त्या पोरी सगळ्या आहेत.’

‘आणि बाकीचे मेलेत, तरी आपण त्यांना हसतोय?’

मला वाटलं, आता ही काहीतरी समजावून सांगेल. मी पेपर खाली केला होता. आईने निवडलेल्या मेथीचा ढीग एका बाजूला सारला, दुसरी जुडी सोडली.

‘थांबवलंस कशाला?’ ती म्हणाली. ‘लाव पुढे. पार्वतीचं डोहाळजेवण व्हायचंय अजून.’